मदत हवी आहे : सर्व्हरवर पेस्ट केलेल्या ओळी एंटर न दाबताच चालतात

दादर_पश्चिम :
ऑफिस अंधेरीत, सर्व्हर महापेच्या डेटा सेंटरमध्ये. मॅकवरून एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड चालवायची सोय) सेंटओएस ७ या लिनक्सवर जातो. डिप्लॉयच्या (सर्व्हरवर नवा कोड चढवायच्या) बारा ओळी पेस्ट केल्या की एंटर दाबायच्या आधीच पहिली ओळ सुटते. तिसऱ्या ओळीत सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारा) आहे, तो पासवर्ड मागतो आणि पुढच्या ओळी गायब होतात. कधी त्यांतल्या एक-दोनच गायब होतात आणि उरलेल्या चालतात. फोल्डर बदलायची ओळ गेली आणि फाइली पुसायची चालली तर? मॅकच्या झेडशेलमध्ये (तिथला कमांड वाचून चालवणारा शेल) हाच मजकूर एंटरची वाट बघत थांबतो. आज रात्री काम आहे, सर्व्हरवर नवीन काही टाकायची परवानगी नाही.

कुर्ला_जंक्शन :
पेस्ट केलेलं आणि टाइप केलेलं यांतला फरक शेलला आपोआप कळत नाही. दोन्हीकडून अक्षरंच येतात आणि ओळ संपली की तो एंटर समजतो. म्हणून टर्मिनल पेस्टच्या आधी आणि नंतर एकेक खूण पाठवतं : एस्केप, चौकोनी कंस, २००, टिल्ड, शेवटी तसंच २०१. याला ब्रॅकेटेड पेस्ट म्हणतात. मात्र शेलने ती खूण आधी मागावी लागते.

झेडशेलमध्ये ही सोय ५.१ पासून म्हणजे २०१५ पासून आहे. बॅशमध्ये, म्हणजे तुमच्या सर्व्हरवरच्या शेलमध्ये, ती ४.४ ला, २०१६ मध्ये आली, पण बंद ठेवलेली. आपोआप चालू झाली ती डिसेंबर २०२० च्या ५.१ मध्ये. तुमच्या सेंटओएसवर बॅश ४.२ आहे, म्हणजे सेटिंग बदलूनही उपयोग नाही. ४.४ किंवा ५.० असेल तिथे घरच्या फोल्डरातल्या डॉट-इनपुटआरसी फाइलमध्ये 'सेट इनेबल-ब्रॅकेटेड-पेस्ट ऑन' ही ओळ घाला. माझ्या मते ही सोय पहिल्या दिवसापासून चालू हवी होती. पेस्ट म्हणजे 'चालव' नव्हे.

आजच्यासाठी : आधी सुडो हायफन व्ही (फक्त पासवर्ड तपासून ठेवतो) एकट्याने चालवून पासवर्ड देऊन टाका. मग सुरुवातीचा गोल कंस एका ओळीवर, खाली बारा ओळी, शेवटचा कंस स्वतंत्र ओळीवर, असा मजकूर एडिटरमध्ये तयार करा. शेवटच्या कंसानंतर नवी ओळ नको. बंद करणारा कंस मिळेपर्यंत शेल सगळं वाचत राहतो, काहीच चालवत नाही. सुडोने पासवर्ड मागितला तरी त्याला खायला पुढची ओळ उरलेली नसते. सगळं नजरेखालून घाला, मग एंटर.

गोल कंसच वापरा, महिरपी नको. गोल कंसात वेगळा शेल चालतो, त्यामुळे पहिल्या ओळीत सेट हायफन ई लिहिता येतं : एक कमांड फसली की उरलेल्या थांबतात. महिरपी कंसात तेच लिहिलंत तर लॉगिनचा शेलच बंद होऊन सर्व्हरवरून बाहेर फेकले जाल. फक्त गोल कंसात बदललेलं फोल्डर बाहेर टिकत नाही.

माहीमकर :
मजकूर व्हॉट्सअ‍ॅप किंवा वर्डमधून आला असेल तर आधी तपासा. सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, दोन हायफनचा एक लांब डॅश होतो. साध्या स्पेससारखी दिसणारी न तुटणारी स्पेस आली की 'कमांड नॉट फाउंड'. सर्व्हरवर कॅट हायफन मोठा ए (मजकूर लपलेल्या चिन्हांसकट दाखवणारी कमांड) चालवा, त्यात मजकूर पेस्ट करा, कंट्रोल डी दाबा. अशी स्पेस तिथे 'एम-बीएम-' आणि पुढे स्पेस अशी दिसते.

आणखी एक : ओळींत टॅब असतील तर जुना बॅश त्यांना नाव पूर्ण करायची विनंती समजतो, टॅब गिळतो किंवा फाइलींची यादी दाखवतो. ते कंसाने सुटत नाही. टॅबऐवजी स्पेस टाका.

दादर_पश्चिम :
टॅब काढले, गोल कंसात चाचणीच्या सर्व्हरवर बाराही ओळी क्रमाने चालल्या. पण कॅटने फाइलमध्ये एक लांब सर्टिफिकेट एकाच ओळीत पेस्ट केलं तर शेपूट कापलं जातंय.

कुर्ला_जंक्शन :
तो शेलचा दोष नाही. कॅट चालू असताना ओळ लिनक्सचा टर्मिनल ड्रायव्हर साठवतो आणि एका ओळीला ४०९६ बाइटची मर्यादा आहे. त्यापुढचं टाकून दिलं जातं, इशारा येत नाही. अशा फाइली पेस्ट करू नका, एससीपीने (एसएसएचवरून फाइल कॉपी करणारी कमांड) पाठवा आणि दोन्हीकडे एमडी५सम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) जुळवून बघा. मॅकवर त्या कमांडचं नाव नुसतं एमडी५ आहे.