माळ ओसाड नाही, खड्डे थांबवा

माळावरचा:
काल इथे कुणीतरी लिहिलं, ‘तालुक्यातला ओसाड माळ हिरवा करू, जूनमध्ये दोन हजार रोपं लावू.’ वाचून रात्रभर तळमळलो. ओसाड कुठला? पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं उन्हात वाळतात, पण मुळं जिवंत असतात. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांनी जाऊन बघा. लांडगा, खोकड, धाविक पक्षी तिथलेच. चंडोलाचं घरटं जमिनीवरच असतं. इंग्रजांच्या दप्तरात सारा न देणारी जमीन ‘पडीक’ ठरली, तोच शब्द आपण अजून चालवतोय. 2019 च्या 33 कोटी वृक्षलागवडीच्या वेळी आमच्या माळावर गिरिपुष्पाची झाडं लावली, वर पाणी मुरवायला जेसीबीने चर मारले. वीतभर माती, खाली मुरूम. आता मुरूम वर आणि गवत गाडलेलं.

विहीरवाला:
आमची टेकडी मी उघडी बोडकी पाहिलीय. जोराचा पाऊस झाला की ओढ्याला चहासारखं पाणी यायचं. चर मारले, झाडं लावली, आता विहिरीला मार्चपर्यंत पाणी असतं. हिवरे बाजार विसरलात का?

माळावरचा:
हिवरे बाजारचं नाव घेताय तर पुरतं घ्या. चरांबरोबर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी झाली. शेतीला बोअर नाही, ऊस नाही, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात. गवत तर कापून नेतात! तुमच्या गावात बोअर किती, ते सांगा.

मेंढका:
चराईबंदी म्हटलं की पोटात गोळा येतो. दिवाळीनंतर आम्ही कोकणात उतरतो. एका वर्षी परत आलो तर माळाला तारेचं कुंपण आणि आत गिरिपुष्प. मेंढरू त्याला तोंड लावत नाही. आत शिरलो म्हणून दंड घेतला, पावती दिली नाही.

विहीरवाला:
माळ बोडका केला कुणी? दोन-दोनशे मेंढरांनीच ना?

मेंढका:
तोंड सांभाळून बोला. आमचा कळप एका जागी राहत नाही. खतासाठी वावरात मेंढरं बसवायला धान्य देऊन बोलावता, तेव्हा मेंढरू चालतं?

विहीरवाला:
वावर माझं आहे. माळ गावाचा आहे.

मेंढका:
आणि आम्ही गावाचे नाही?

रानवाटा:
तुम्ही दोघं भांडा, तोवर माळ संपेल. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 चं. लहानपणी वडिलांनी तिथे मला माळढोक दाखवला. पोराला घेऊन तीनदा गेलो, तिन्ही वेळा रिकाम्या हाताने परतलो. भोवती ऊस आणि विजेच्या तारा. एवढा जड पक्षी, त्याला समोरचं नीट दिसत नाही, तारांना धडकून मरतो. मोकळं गवत उरलंय तिथे तुम्ही झाडं लावणार?

विहीरवाला:
बरं बाबा, गवताळ माथ्यावर खड्डे नकोत, एवढं मानलं. पण ओढ्याकाठी करंज, उंबर लावणारच. तिथे अडवलंत तर ऐकणार नाही.

माळावरचा:
ओढ्याकाठी कोण अडवतंय? लावा. माझीही वीस रोपं धरा.

मेंढका:
मेंढरांची वाट त्याच ओढ्यातून जाते. ती कुंपणात घालणार की मोकळी ठेवणार, ते आत्ताच लिहा.