ट्रेकसाठी वाकत्या पायांचा मिनी ट्रायपॉड: घ्यावा की नाही?

डोंगरवाट

काजव्यांचा हंगाम मे अखेरीस सुरू होतो आणि पाऊस जोर धरेपर्यंत टिकतो. राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडीकडे निघताना सॅकमध्ये पाणी, रेनकोट, टॉर्च भरला की दीड-दोन किलोचा मोठा ट्रायपॉड घरीच राहतो. मग कॅमेरा दगडावर ठेवून 30 सेकंदांचं एक्स्पोजर घ्यायचं (म्हणजे शटर तेवढा वेळ उघडं ठेवायचं) आणि हललेला फोटो घेऊन परतायचं. त्यापेक्षा वाकत्या पायांचा मिनी ट्रायपॉड घ्यावा, हे माझं ठाम मत आहे. कंपनी कुठलीही असो, दुकानात त्याला सरसकट 'गोरिला' म्हणतात. मूळ नाव जॉबी कंपनीच्या गोरिलापॉडचं.

यात दोन जाती आहेत. एकात आत तार आणि बाहेर फोम असतो. ती तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकली की आतल्या आत तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. हा प्रकार मोबाइलपुरताच ठीक. दुसऱ्यात मण्यांसारखे उखळीचे सांधे एकात एक बसवलेले असतात. कॅमेऱ्यासाठी हाच घ्या.

गोरिलापॉडच्या 1के, 3के, 5के या नावांतच 1, 3, 5 किलो ही क्षमता आहे. कॅननचा 200डी मार्क टू कॅमेरा बॅटरीसकट 449 ग्रॅम, सोबतची 18-55 मिमी लेन्स साधारण 200 ग्रॅम, म्हणजे साडेसहाशे झाले. कागदावर 1 किलोवाला पुरतो, पण घेऊ नका. छापील क्षमता वजनाच्या निदान तिप्पट हवी.

दुसरी गोष्ट पायांची लांबी. रेलिंगचा पाइप 50 मिमी जाडीचा असेल तर त्याचा घेर जवळपास 16 सेमी होतो. पाय 24 सेमीचा असेल तर दीड वेढा बसतो, 15 सेमीचा असेल तर एकही पुरा बसत नाही. दोन पाय पाइपभोवती एकमेकांच्या उलट दिशांनी गुंडाळायचे आणि तिसरा खाली सरळ सोडून पाइपला टेकू द्यायचा. तिन्ही पाय गुंडाळले की कॅमेरा पुढे झुकतो, कारण टेकूच उरत नाही.

स्थिरचित्र

वेढ्याचं गणित बरोबर, पण मूळ सल्ला पटला नाही. क्षमतेचा आकडा तिप्पट घेऊनही प्रश्न सुटत नाही, कारण सांध्यावर नुसतं वजन येत नाही, वजन गुणिले अंतर येतं.

कॅमेरा, लेन्स आणि बॉलहेड (कॅमेरा हवा तसा वळवणारा वरचा गोल सांधा) मिळून 750 ग्रॅम धरा. तीन पायांत वाटले तर प्रत्येकी 250. पाऊल मधल्या अक्षापासून 6 सेमीवर असेल तर वरच्या सांध्यावर दीड किलो-सेमी पीळ येतो. पाय फाकवून पाऊल 12 सेमीवर नेलं की तोच 3 होतो. लोक कॅमेरा खाली आणायला नेमके पाय फाकवतात आणि ट्रायपॉड हळूहळू खचत जातो. त्यात 55-250 मिमीसारखी 375 ग्रॅमची लांब लेन्स लावली की वजन आणखी पुढे जातं.

काजव्यांचा फोटो तर एका एक्स्पोजरचा नसतोच. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) 1600 ते 3200, लेन्स पूर्ण उघडी, 20-30 सेकंदांच्या वीस-तीस फ्रेम काढायच्या आणि नंतर फोटो एडिटरच्या 'लाइटन' मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक जागी सगळ्यांत उजळ ठिपका ठेवत, एकावर एक रचायच्या. ट्रायपॉड या पंधरा मिनिटांत एखादा मिलिमीटर जरी झुकला तरी पहिल्या आणि शेवटच्या फ्रेममधली झाडं जुळत नाहीत, फांद्यांना दुहेरी कड येते. प्लास्टिकच्या सांध्यांचं हे हळूहळू खचणं डोळ्याला दिसत नाही, म्हणून ते जास्त घातक.

यापेक्षा मॅनफ्रोटोच्या पिक्सीसारखा ताठ पायांचा मिनी ट्रायपॉड बरा. वाकत नाही, म्हणून खचतही नाही. सपाट दगड नसेल तर जाड कापडाची पुरचुंडी न्या आणि पायथ्याच्या गावात किलोभर तांदूळ घेऊन ती भरा. नेताना वजन शून्य, आणि लेन्स तिच्यात रुतून बसते.

डोंगरवाट

@स्थिरचित्र, फाकवलेल्या पायांचा मुद्दा मान्य. पण तो वापरण्याचा दोष आहे. पायांचे वरचे दोन तृतीयांश जवळजवळ उभे ठेवायचे आणि फक्त शेवटचे दोन-तीन मणी बाहेर वळवून पावलं करायची, म्हणजे पीळ निम्म्यावर येतो. एक पाय नेहमी लेन्सच्या बरोबर खाली हवा. तो मागे राहिला तर कॅमेरा नाकावर पडणार, मग ट्रायपॉड 5 किलोचा असो.

पुरचुंडी मात्र पटत नाही. जूनमध्ये तांदूळ भिजला की फुगतो आणि कुबट वास धरतो. शिवाय पुरचुंडीला सपाट जागा लागतेच. कुंपणाचा खांब, फाटकाची आडवी दांडी, पायऱ्यांचं रेलिंग, इथे ती आणि ताठ पायांचा पिक्सी दोन्ही निकामी. गवत कमरेइतकं वाढलेलं असताना जमिनीवर ठेवलेल्या कॅमेऱ्याला गवताच्या काड्यांशिवाय काय दिसणार? वाकते पाय म्हणजे कुठेही बसणारी पकड आहे, आणि तेवढ्यासाठीच ते घ्यायचे.

खटका

तुम्ही दोघं पायांवर भांडताय. घोटाळा वर, स्क्रूपाशी होतो.

कॅमेऱ्याखालचा स्क्रू पाव इंची, इंचाला 20 आटे. म्हणजे एका फेऱ्यात 1.27 मिमी आत जातो. सुमारे साडेचार मिमी, म्हणजे साडेतीन फेऱ्यांत तो घट्ट बसला पाहिजे. त्याहून लांब असेल तर प्लेट (कॅमेऱ्याखाली लावून ट्रायपॉडवर अडकवायची पट्टी) टेकण्याआधीच स्क्रू तळाला लागतो. लोक तरीही पिळतात आणि कॅमेऱ्याचे आटे जातात. स्वस्त मालात हा स्क्रू आणि त्याभोवतीची बैठक दोन्ही प्लास्टिकची असतात. बैठक धातूची आणि वर रबर असलेलीच घ्या, नाहीतर उभ्या फ्रेमसाठी आडवा केलेला कॅमेरा स्क्रूभोवती स्वतःच फिरतो.

दुसरं, प्लेट. कंपनीची स्वतःच्या मापाची प्लेट हरवली की ट्रायपॉड बिनकामाचा. 38 मिमीची आर्का पद्धतीची, म्हणजे अनेक कंपन्यांत चालणाऱ्या मापाची प्लेट कुठल्याही कॅमेऱ्याच्या दुकानात मिळते. सोनी झेडव्ही-ई10 किंवा कॅनन आर50 वाल्यांनी प्लेट लावून बॅटरीचं झाकण उघडून बघावं. छोट्या बॉडीत झाकण स्क्रूच्या शेजारीच असतं. प्लेट आडवी आली तर बॅटरी बदलायला दर वेळी सगळं सोडवावं लागतं, आणि @स्थिरचित्र यांच्या वीस-तीस फ्रेमांची जुळणी तिथेच संपते.

भिजपाऊस

सांधे सैल का पडतात हे कुणी लिहिलं नाही. ते घर्षणावर टिकतात. काहीजण करकर आवाज येतो म्हणून तेल सोडतात आणि पकडच घालवून बसतात. तेलाचा थेंबही नको. कोकणातल्या वाळूवर वापरला असेल तर मणी एकेक हलवत गोड्या पाण्याखाली धुवा आणि सावलीत वाळवा. वाळूचा कण उखळीत राहिला की प्रत्येक वळणाला प्लास्टिक खरवडतो. मणी निखळला तर सहसा सरळ दाबून पुन्हा बसतो, तिरका दाबलात तर उखळीची कड चिरते.

ओल्या, रंग दिलेल्या पाइपवरून पायांवरची रबराची कडी घसरते. सायकलच्या जुन्या ट्यूबची हातभर पट्टी आधी पाइपला गुंडाळा, मग पाय. वजन नाही, खर्च नाही.

आणि पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित किल्ल्यांवर ट्रायपॉडला आधी परवानगी लागते. टीचभर असला तरी तो ट्रायपॉडच.

स्थिरचित्र

@डोंगरवाट, खांबाचं आणि फाटकाचं मान्य. पण मग प्रत्येकाने विकत घेण्याआधी एक चाचणी करावी. स्वतःचा कॅमेरा आणि सगळ्यांत जड लेन्स दुकानात न्या. काउंटरवर ट्रायपॉड उभा करून लेन्स 45 अंश वर करा, स्क्रीनवर ग्रिड चालू करून एखाद्या कोपऱ्यावर रेघ जुळवा आणि हात काढून दोन मिनिटं थांबा. रेघ सरकली तर तो ट्रायपॉड तुमच्या लेन्ससाठी नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा. मुंबईत बोरा बाजारात एकाला लागून एक आहेत.

वापरताना 2 सेकंदांचा टायमर पुरत नाही. बटण दाबल्यावर वाकते पाय बराच वेळ थरथरत राहतात. 10 सेकंदांचा लावा किंवा रिमोट घ्या. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवर दिसणारं चित्र चालू ठेवा, म्हणजे आरशाचा धक्का आधीच होऊन जातो. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) लांब एक्स्पोजरला बंद.

तरीही ज्याच्याकडे एकच ट्रायपॉड घेण्याइतके पैसे आहेत त्याला मी ताठ पायांचाच सांगेन.

डोंगरवाट

त्यावर आपलं जमणार नाही. चाचणी मात्र चोख आहे, तिसरा मिनिटही थांबायला हरकत नाही.

एक राहिलं. फांदीला पाय गुंडाळायचे तर मनगटापेक्षा जाड फांदी निवडा, बारीक फांदी वाऱ्याने डुलते. आणि ज्या हिरड्या-बेहड्यावर, सादड्यावर काजवे जमलेत त्या झाडाला हातही लावू नका. पन्नास पावलं मागे, दुसऱ्या झाडाला किंवा कुंपणाच्या खांबाला बांधा. फोकस उजेड असतानाच लांबच्या झाडावर लावून मॅन्युअलला टाका, म्हणजे अंधारात टॉर्च पेटवावा लागत नाही.