मदत हवी आहे : जबड्याच्या ऑपरेशनआधी डॉक्टरांना काय काय विचारावं? (नागपूर)

हुडकेश्वर_१२
नमस्कार. पेशंट माझे मामाजी, वय ५६, खालच्या डाव्या जबड्याचा कॅन्सर, वीस वर्षांचा खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण). तोंड जेमतेम दीड बोट उघडतं, शुगर आहे. मंगळवारी ऑपरेशन : जबड्याचा भाग काढून पायातलं फिब्युला हाड बसवणार. एक डॉक्टर म्हणाले, "छातीचा फ्लॅपही करता येईल." (फ्लॅप म्हणजे दुसरीकडून रक्तवाहिनीसकट आणून बसवलेला भाग.) पायाचा सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) व्हायचा आहे. राउंड दोन मिनिटांत उरकतो, बोलणं आमच्याशीच होतं, मामाजी नुसते ऐकत राहतात. काय विचारू? वॉर्डात कशावर लक्ष ठेवू?

ओटी_धंतोली
विचारायचं ते मामाजींच्या समोर आणि मंगळवारच्या आत. नंतर बहुधा गळ्यात ट्रॅकिऑस्टॉमीची नळी (श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडून घातलेली) असेल, काही दिवस आवाज निघणार नाही. पाटी-मार्कर आजच आणा. दुखतंय, कफ काढा, श्वास अडकतोय, लघवी, एवढ्या चार खुणा ठरवून त्यांच्याकडून करवून घ्या.

अँजिओ टाळू नका. फिब्युलासोबत पेरोनियल धमनीही काढतात, ती पायाच्या तीन मुख्य धमन्यांपैकी एक. काही लोकांत पावलाचा बराच रक्तपुरवठा त्याच धमनीवर असतो, आणि शुगरमध्ये बाकीच्या दोन अरुंद झालेल्या असू शकतात. म्हणून विचारा : "तिन्ही रक्तवाहिन्या चांगल्या आहेत का? नसतील तर काय करणार?"

छातीच्या फ्लॅपमध्ये स्नायू आपल्याच रक्तवाहिनीसकट मानेच्या कातडीखालून वर फिरवतात. मायक्रोस्कोपखाली नस जोडायची नसते, वेळ कमी लागतो. पण हाड येत नाही, जबडा एका बाजूला सरकतो. बाजूच्या भागात हे चालवून घेता येतं, हनुवटीच्या भागात फार जड जातं. फिब्युला जमलं नाही तर दुसरा पर्याय कोणता, हे संमतीपत्रावर लिहून घ्या आणि सही मामाजींनी स्वतः वाचून करावी.

खर्रा शेवटचा कधी खाल्ला, दिवसाला किती पुड्या, हे भूलतज्ज्ञांना खरं सांगा. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात. भेटायला येणारे उशीखाली पुडी ठेवून जातात, तिकडे बघा.

वॉर्ड_सिस्टर
पहिले तीन दिवस सगळ्यात नाजूक. पहिल्या दिवशी फ्लॅप तासातासाला बघतात. चांगला फ्लॅप गुलाबी आणि कोमट असतो, दाबून सोडला की दोनेक सेकंदांत रंग परत येतो. जांभळा, फुगलेला, रंग एका झटक्यात परत : रक्त बाहेर जाणारी शीर तुंबली. फिकट, थंड, रंग परतच नाही : आत येणारी धमनी अडली. दोन्हीत काही तासांत पुन्हा ओटीत नेलं तर फ्लॅप वाचू शकतो. रात्र काढायची नाही.

तुम्ही स्वतः दाबू नका. सिस्टरला सांगा, "फ्लॅपचा रंग बदलला, रेसिडेंटला आत्ता बोलवा," आणि वेळ लिहून ठेवा.

गळ्याभोवतीची फीत नक्की तपासायला सांगा. नळीची फीत, ऑक्सिजन मास्कचं इलॅस्टिक, गाऊनची नाडी, यातलं काहीही फ्लॅपच्या मानेत जोडलेल्या शिरेवर दाबलं की फ्लॅप निळा पडतो. म्हणूनच पुष्कळ सर्जन नळी कातडीला टाक्यांनी बांधतात. मान कोणत्या बाजूला वळवायची नाही ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेऊन खाटेच्या डोक्याशी चिकटवा. कूलरचा झोत थेट अंगावर नको, फ्लॅप ऊबदार राहायला हवा.

रामदासपेठ_एमएसडब्ल्यू
महात्मा फुले योजनेत असाल तर हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला आजच भेटा, मंजुरी ऑपरेशनआधी लागते. कागदपत्रांच्या प्रती लेखी मागितल्यावर ७२ तासांत मिळायला हव्यात. रेडिएशन लागलं तर ते ऑपरेशननंतर साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं लागतं, त्याआधी दातांची तपासणी करून घ्या.

हुडकेश्वर_१२
खूप आभार. पाटी आणली. मामाजींनी पहिला प्रश्न स्वतः लिहिला : "चालता येईल का?"

फिजिओ_महाल
येईल. शरीराचा भार मुख्यतः टिबियावर (नडगीच्या जाड हाडावर) असतो. घोट्याजवळचं साधारण ६ सेंमी हाड ठेवतात, त्यामुळे घोटा स्थिर राहतो. पायाला कातडी लावली असेल तर काही दिवस स्लॅब (प्लास्टरचा आधार), मग वॉकर. अंगठा खाली वाकवायची ताकद कमी होऊ शकते. पाऊल वर उचलताच येत नसेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.