अनुभव धागा: कोकणात जुनी हॅचबॅक घेताना काय तपासायचं?

मंडळी, गणपतीच्या आधी आणि मे महिन्याच्या तोंडावर आपल्याकडे जुन्या गाड्यांचे व्यवहार जोरात चालतात. ऑल्टो, वॅगन-आर, स्विफ्ट, आय-टेन, टियागो अशा घरगुती गाड्यांची विचारणा रोज असते. पण बहुतेक सल्ले पुण्या-दिल्लीच्या कोरड्या हवेतल्या गाड्यांसाठी असतात. खाऱ्या वाऱ्यात आणि चार महिन्यांच्या पावसात राहिलेल्या गाडीचे आजार वेगळे. रोज गाडीखाली जाणाऱ्यांनी इथे लिहावं ही विनंती. कोण कसा फसला ते नको. काय बघायचं, कशाने बघायचं आणि का, तेवढं नेमकं येऊ द्या.

डेंटिंग-पेंटिंग, रत्नागिरी

पहिलं काम: गाडी वॉशिंगच्या रॅम्पवर चढवा. किनाऱ्याजवळ उभी राहणारी गाडी वरून आरशासारखी आणि खालून भुगा असू शकते. चाकांच्या कमानीत चिखल साठतो, त्यात खार असतो, आणि खार हवेतलं पाणी ओढून घेत असल्यामुळे तो चिखल आतून नीट वाळतच नाही. पत्र्याचं सडणं तिथून सुरू होतं.

बघायच्या जागा सांगतो. रनिंग बोर्डचा (दारांखालची पत्र्याची आडवी पट्टी) मागचा शेवट, जिथे तो मागच्या चाकाच्या कमानीला मिळतो. सगळ्यात आधी तिथेच सडतं. मग कमानीची आतली दुमड, तिथे बोट फिरवा. दारांची खालची कड: तिथे पाणी निघायची भोकं असतात, ती मातीने बुजली की पाणी दारातच राहतं. बोनेट उघडून शॉकअब (धक्के पेलणारे शॉक अॅब्सॉर्बर) जिथे वर बोल्टने बसतात ते दोन्ही बुरूज. रेडिएटरच्या खालची आडवी पट्टी. मागच्या अॅक्सलवर स्प्रिंग बसते ती वाटी.

स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकं ठोकत जा. सलग पत्रा टणटणीत वाजतो, सडलेला किंवा पुट्टी भरलेला भद्द. फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक कडेकडेने फिरवला की पुट्टीच्या जागी सुटतो (प्लॅस्टिकच्या बंपरवर मात्र तो कधीच चिकटणार नाही, तिथे घाबरू नका).

दार, डिकी, मडगार्ड सडलं असेल तर भाव पाडून घ्या, ते बदलता येतं. बुरूज, रनिंग बोर्डची आतली पेटी किंवा अॅक्सलची बैठक सडली असेल तर गाडी फुकट दिली तरी नको. धडक बसली तर माणसं वाचवणारा पत्रा तोच आहे.

आणि डिकीतला गालिचा उचलून स्टेपनी बाहेर काढाच. आपल्याकडे डिकीतून मासळी येते. बर्फाचं खारं पाणी झिरपून स्टेपनीच्या खड्ड्यात साठतं आणि पत्रा आतून खातं. खड्ड्याच्या तळाचा रबरी बूच काढून त्याची कड बघा.

मेकॅनिक, चिपळूण

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, त्याच दिवसांत महाड, खेडही बुडालं. त्याआधीची नोंदणी असलेली या भागातली गाडी समोर आली तर पुराची तपासणी वेगळी करायची. गाडी धुऊन, नवी सीट कव्हरं चढवून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते, म्हणून नंबर कुठला आहे एवढ्यावर विसंबू नका.

पुढचे दोन्ही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. गुंडाळीतला शेवटचा हातभर पट्टा कोणी धूत नाही. तिथे गाळाची रेघ राहते. सीट मागे सरकवून रुळांचे बोल्ट बघा. गाडीच्या आत, गालिच्याखाली बोल्ट लाल होण्याचं दुसरं कारण सहसा नसतं. पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचलून खालचा जाड नमदा हाताने दाबा: ओल, कुबट वास, बारीक पिवळट गाळ. डॅशबोर्डखाली फ्यूज बॉक्सचं झाकण काढून टॉर्च मारा. पितळी टोकांवर हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर तिथपर्यंत पाणी गेलं होतं.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. एअरबॅग असलेल्या गाडीत तो लागलाच नाही तर बहुधा कोणीतरी मुद्दाम बंद केला आहे. पाणी चटईपर्यंतच आलं असेल तर गाडी सावरते. फ्यूज बॉक्स आणि ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) भिजला असेल तर बिघाड सहा महिन्यांनी, वर्षाने, एकेक करून वर येतात आणि कुठलाच कायमचा जात नाही.

मेकॅनिक, लांजा

इंजिनाबद्दल लिहितो. बघायला जाताना मालकाला सांगून ठेवा, गाडी आधी चालू करू नका. पोचल्यावर बोनेटवर हात ठेवा. गरम असेल तर संध्याकाळी परत जा. गार इंजिनच खरं बोलतं.

सेल्फ मारल्यावर पहिले दोन-तीन सेकंद कान द्या. टायमिंग चेनचा (पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांची वेळ जुळवणारी साखळी; काही इंजिनांत तिच्या जागी बेल्ट असतो) खडखडाट तेव्हाच येतो. तेलाचा दाब चढला की दबतो. स्विफ्टच्या १.३ डिझेलला आणि मारुतीच्या के-सिरीज पेट्रोलला चेन आहे. ऑल्टो ८०० ला आणि आय-टेनच्या १.१ इंजिनाला बेल्ट आहे (आय-टेन १.२ ला चेन). बेल्टची गाडी ८०-९० हजार किलोमीटरच्या पुढे गेली असेल आणि बदलल्याचं बिल नसेल, तर बेल्ट, टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि सोबत वॉटर पंप यांचा खर्च भावातून वजा करा. हा बेल्ट चालत्या गाडीत तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं.

इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडा. धूर भकाभका बाहेर आला तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे पिस्टनच्या रिंगा गेल्या. झाकणाच्या आतून साईसारखा पांढरट थर दिसला तर इथे थोडं थांबा: पावसाळ्यात बाजारापर्यंत दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत वाफ धरून असा पातळ थर येतो, तो निरुपद्रवी. ऑइलची पट्टी ओढून बघा. पट्टीवरही तेल दुधाळ असेल तर कूलंट तेलात मिसळतंय, बहुधा हेड गॅस्केट (हेडखालचा सील) गेलंय.

दुसरी खूण: गार इंजिन चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत रेडिएटरचा वरचा पाइप दाबून दगडासारखा घट्ट लागला तर सिलिंडरचा दाब पाण्यात येतो आहे. टाकीतलं कूलंट हिरवं, निळं किंवा गुलाबी असावं. तांबूस गढूळ असेल तर वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी घातलंय. रेडिएटर आणि वॉटर पंप दोन्ही आतून गंजलेले समजा. आणि गरम इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडू नका, हात भाजतो.

टायरचं दुकान, कणकवली

टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सहा वर्षांच्या पुढचा टायर, नक्षी कितीही शिल्लक असो, नवीन धरू नका. नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली म्हणजे कायद्यानेही बाद. फक्त आतली कड झिजली असेल तर अलाइनमेंट तरी गेलं आहे किंवा लोअर आर्मचे (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश तरी. स्टेपनीचंही साल बघा.

गॅरेज, देवरुख

चाकरमान्यांच्या गावी ठेवलेल्या गाड्यांबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं. गणपतीत दहा दिवस, शिमग्यात आठ दिवस, मे महिन्यात थोडी, एरवी मांगराच्या कडेला ताडपत्रीखाली. मीटरवर १८-२० हजार. गिऱ्हाईक आकडा बघून भुलतं, पण इथल्या हवेत दहा वर्षं उभी राहिलेली २० हजारांची गाडी आणि घाटावर रोज चालून वेळेवर सर्व्हिस झालेली ७० हजारांची, यांत मी दुसरी घ्या म्हणेन.

उभ्या गाडीत मागचे ब्रेक शू ड्रमला चिकटतात, हँडब्रेकची केबल आतून गंजून अडकते. सपाटीवर हँडब्रेक ओढा, सोडा, न्यूट्रलमध्ये हाताने ढकला. सहज सरकली पाहिजे. टायर एका जागी चपटे होतात, मग ५०-६० च्या वेगाला गाडी थरथरते. बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवायला हवी. पेट्रोल शिळं होऊन इंजेक्टर आणि पंप चोंदतात. उंदीर वायरी कुरतडतात: बोनेटच्या आतल्या अस्तराला भोकं, एअर फिल्टरच्या डब्यात सुकं गवत किंवा भाताचं तूस दिसतंय का बघा. ताडपत्री ओल कोंडून ठेवते. उघड्या पडवीतली गाडी त्यापेक्षा बरी.

एसी आणि वायरिंग, मालवण

किनाऱ्यावर एसीचा कंडेन्सर (एसीचा गॅस थंड करणारी पुढची जाळी) आधी जातो. पुढच्या जाळीतून टॉर्च मारा. बारीक अॅल्युमिनियमच्या पट्ट्या बोट लावताच पिठासारख्या गळत असतील तर नुसता गॅस भरून उपयोग नाही, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा निघून जाईल.

डाव्या सीटपुढची चटई ओली असेल तर तीन कारणं संभवतात. एसीचा निचरा पाइप चोंदला (साधं काम). काचेखालच्या खोबणीत आंब्या-फणसाची पानं कुजून भोकं बुजली (तेही साधं). पण पाणी चिकट आणि गोडसर वासाचं असेल तर हीटर कोअर (हीटरचा छोटा रेडिएटर) गळतोय, त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

ब्लूटूथचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले फॉल्ट वाचणारं यंत्र) बरोबर न्या. फॉल्ट एकही नाही एवढं पाहून थांबू नका; ‘रेडीनेस’ बघा, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या (मॉनिटर) पूर्ण झाल्यात का. बरेच मॉनिटर अपूर्ण दाखवत असतील तर थोड्या वेळापूर्वीच कोणीतरी फॉल्ट पुसला आहे किंवा बॅटरी काढली आहे.

डेंटिंग-पेंटिंग, गुहागर

रत्नागिरीच्या मित्रांच्या लिहिण्यात भर. खालून ताजं काळं कोटिंग मारलेली गाडी बघितली की लोक खूश होतात. मी उलट दचकतो. कोटिंग पावसाआधी नियमाने मारलेलं असेल तर ते मळकं, खडी लागून टवके उडालेलं दिसतं. विक्रीच्या आधी मारलेलं बोल्टांवर, ब्रेकच्या पाइपांवर, सायलेन्सरच्या रबरांवरही सरसकट बसलेलं असतं. कोटिंगच्या फुगवट्यात टोचा दाबा. आत गेला तर खाली पत्रा नाही. गंजावर मारलेलं कोटिंग ओल आत धरून ठेवतं, त्यामुळे न मारलेलं परवडलं.

मागच्या चाकांकडे जाणारे ब्रेकचे धातूचे पाइप क्लिपांच्या जागी बघा. पापुद्रे निघत असतील तर करकचून ब्रेक दाबल्यावर फुटायचे तिथेच. पुळणीवर फिरवलेल्या गाड्याही ओळखू येतात: चेसिसच्या भोकांत आणि बंपरच्या आतल्या कडेला समुद्राची वाळू राहते, धुतली तरी.

मेकॅनिक, साखरपा

चालवून बघायची तर चढावर. आंबा घाट, कुंभार्ली, करूळ, जो जवळ असेल तो, गाडीत चार माणसं घेऊन. चौथ्या गिअरमध्ये ४० च्या वेगाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तसाच राहिला तर क्लच प्लेट घसरते. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकत्रच बदलायचं, कारण गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी सारखीच पडते. एएमटी (क्लच पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी) असेल तर चढावर थांबून पुन्हा उचलून बघा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये हिसके आणि जळका वास म्हणजे क्लच संपत आला.

उतरताना पेडल हळूहळू खोल जात असेल तर ब्रेक ऑइल जुनं आहे. ते हवेतली ओल पितं, तापलं की त्यात वाफ होते आणि ब्रेक मऊ पडतो. आपल्याकडे दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं. सपाटीवर स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कट-कट आवाज म्हणजे अॅक्सलचा बाहेरचा जॉइंट, बहुधा रबरी बूट फाटून चिखल शिरलेला.

सीएनजी फिटिंग, पेण

सीएनजी किटची आरसीवर नोंद हवी. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी लागते, पाटीवरची तारीख वाचा. सिलिंडर ज्या पट्ट्यांनी बांधलाय त्यांच्या खाली गंज लपतो.

आरटीओची कामं, कुडाळ

एमएच-०६ पेण, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी. दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी लागू शकते, आधी विचारा. नाव बदलायला फॉर्म २९ दोन प्रतींत आणि फॉर्म ३०. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं, घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. विमाही १४ दिवसांत नावावर करायला टाका. नो-क्लेम बोनस मात्र जुन्या मालकाकडेच राहतो, त्यामुळे हप्ता वाढेल. विमा कंपनीकडून जुन्या क्लेमची माहिती मालकाला मागवायला सांगा, पुराची गाडी तिथेही सापडते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. २०११-१२ ची गाडी घेताना ती तपासणी आणि पर्यावरण कर भावात धरा. रनिंग बोर्ड सडलेली गाडी त्या तपासणीत अडकते. चेसिस नंबर कागदाशी गाडीवर प्रत्यक्ष ताडून बघा. खाऱ्या हवेत तो अनेकदा वाचता येत नाही इतका गंजतो, आणि मग काम आरटीओत रखडतं. पैसे देण्याआधी ई-चलानं भरून घ्या. ताबा पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहा, दोघांनी सही करा, कारण त्या दिवशीचं चलान दुपारचं की रात्रीचं यावरून ते कोणी भरायचं हे ठरतं.