अनुभव धागा : घरच्या पडद्यावरचा 'प्रोफोन्दो रोसो'

दारिओ अर्जेंतो यांचा १९७५ सालचा हा इटालियन खूनपट आपल्यापैकी बहुतेकांनी टेप किंवा डिस्कवरच पाहिला आहे. आपल्या प्रतीने काय दाखवले आणि काय दडवले, ते येथे लिहावे. खुनी कोण, हे मात्र कृपया कोणीही फोडू नये.

*

इंग्लंडमध्ये असताना मी तो व्हीएचएसवर पाहिला. मूळ चित्रचौकट २.३५:१ इतकी रुंद आहे, पण माझ्या टेपवर दोन्ही कडा छाटून ती जुन्या टीव्हीच्या आकारात बसवली होती. रात्रीच्या निर्मनुष्य चौकात नायक मार्कस आणि त्याचा दारुडा मित्र कार्लो बोलत असतात, त्या प्रसंगातील अवकाश, अवाढव्य पुतळा आणि दोघांमधले अंतर मला पुढे डीव्हीडीवरच उमगले.

*

मूळ चित्रपट सुमारे १२६ मिनिटांचा असून परदेशी आवृत्ती त्याहून वीसेक मिनिटांनी आखूड आहे. मार्कस आणि पत्रकार जियान्ना यांच्यातील थट्टामस्करीवर व जवळिकीवर मुख्यतः कात्री चालली. त्या भागांना इंग्रजी ध्वनी उपलब्ध नसल्याने, लांब आवृत्ती इंग्रजीत लावली की मार्कस झालेले डेव्हिड हेमिंग्ज बोलता बोलता एकदम इटालियनवर येतात. मला ते खटकले नाही; दारिया निकोलोदी यांची जियान्ना पंजा लढवताना त्यांना हरवते, तेव्हा भाषेकडे लक्ष कोणाचे असणार!

*

माझ्या मते हा चित्रपट रिमोट हातात असलेल्या प्रेक्षकासाठीच आहे. अतींद्रिय शक्ती असलेल्या हेल्गाचा खून होताना खालून पाहणारा मार्कस धावत तिच्या घरात शिरतो, भिंतीवर चेहऱ्यांची चित्रे लावलेल्या बोळातून जातो, आणि पुढे त्यातले एक चित्र नाहीसे झाल्याची शंका त्याला सतत छळत राहते. ब्लू-रेवर मी तो बोळ मागे नेऊन चित्र थांबवले. उत्तर खरोखरच समोर आहे. दिग्दर्शकाने काहीही लपवलेले नाही, केवळ कॅमेरा तिथे रेंगाळत नाही. इतकी प्रामाणिक फसवणूक रहस्यपटांत विरळाच.

*

मी इटलीतल्या तोरिनोत (ट्यूरिन) शिकत होते. कथा रोममध्ये घडत असली तरी चित्रीकरण मुख्यतः तोरिनोचे आहे. मार्कस आणि कार्लो बोलतात तो चौक म्हणजे पियात्सा सीएलएन (CLN), आणि चित्रपटातला पछाडलेला वाडा म्हणजे पिएत्रो फेनोल्यो यांनी १९०२ मध्ये उभारलेला विला स्कॉट. पडद्यावर भेसूर दिसणारी ही वास्तू प्रत्यक्षात फारच देखणी आहे.

*

वरील ब्लू-रे-प्रेमाशी मी अंशतः असहमत आहे. गॉब्लिन या इटालियन रॉक बँडचे संगीत आणि खुनांआधी वाजणारे बालगीत स्वच्छ ध्वनीत अंगावर येते, विशेष-परिणामकार कार्लो राम्बाल्दी यांची चालती बाहुली तर दचकवतेच. पण नव्या लख्ख प्रतीत रक्त सरळसरळ लाल रंगच दिसते. टेपच्या गढूळपणात ते मला अधिक खरे वाटले होते.