मदत हवी आहे: मधपेटीतलं प्रोपोलिस आणि मामाजींची शुगरची गोळी

संत्राबाग_वरूड
नमस्कार मंडळी. आमच्या संत्र्याच्या बागेत ह्यांनी इटालियन माशीच्या पेट्या ठेवल्या आहेत. मधाचं ठीक चाललंय, प्रश्न प्रोपोलिसचा आहे. फ्रेमच्या कडांना आणि झाकणाच्या फटीत माश्या जो तपकिरी चिकटा भरतात, तो. थंडीत काडकन तुटतो. उन्हाळ्यात हाताला लागला की साबणाने निघत नाही, खोबरेल तेल चोळावं लागतं. आतापर्यंत खरवडून फेकत होतो.

मागे पेट्यांचं सामान विकणारा एक जण छापील कागद देऊन गेला. त्यात लिहिलंय, प्रोपोलिस 'अल्फा-ग्लुकोसिडेज' नावाचं एन्झाइम रोखतं, शुगरची गोळीही तेच करते, वर अँटिऑक्सिडंट भरपूर. झालं! मामाजींनी (माझे सासरे, शुगर जुनी) कागद देवघरात ठेवला आणि रोज हरभऱ्याएवढा गोळा चघळणं सुरू केलं. त्यावर चमचाभर मध, का तर 'घरच्या मधाने शुगर वाढत नाही'. आता म्हणतात, जेवणाच्या वेळची गोळी बंद करतो.

नुसतं 'डॉक्टरांना विचारा' म्हटलं तर ऐकायचे नाहीत, त्यांच्या कागदाला उत्तर पाहिजे. त्यातलं खरं किती? आणि बागेत फवारणी होते, ते यात उतरतं का?

वऱ्हाडी_पोट्टा
वहिनी, बुढ्याले गोळी बंद करू देऊ नोका. आमच्या काकाजीनं कारल्याच्या रसापायी असंच केलं, मंग पायाची जखम चिघळली. शास्त्राचं मास्तर सांगतीन.

जीवरसायन_मास्तर
बोलावलंत म्हणून आलो.

कागदात खोटं काही नाही, पण ते सगळं परीक्षानळीतलं आहे. भाकरी-भातातल्या स्टार्चचे तुकडे आधी अमायलेज करतं. पुढे लहान आतड्याच्या अस्तरावरचं अल्फा-ग्लुकोसिडेज त्यांचं ग्लुकोज करतं. अकार्बोज आणि व्होग्लिबोज या गोळ्या तिथेच आडव्या येतात, म्हणून त्या जेवणाच्या सुरुवातीला घ्यायच्या असतात. प्रोपोलिसमधले फ्लॅव्होनॉइड आणि फिनॉलिक आम्लं, म्हणजे झाडांतून आलेली द्रव्यंही, नळीत हे एन्झाइम अडवतात. त्वचेच्या रंगाचं टायरोसिनेज, युरिक ॲसिड बनवणारं झँथिन ऑक्सिडेज यांच्यावरही तसे प्रयोग झालेत. फिनॉलिक द्रव्यं मधात थोडी, परागात त्याहून जास्त, प्रोपोलिसमध्ये सहसा सगळ्यांत जास्त.

आता नळीत काय करतात ते बघा. प्रोपोलिस पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून बहुधा अल्कोहोलमध्ये अर्क काढतात आणि तो थेट एन्झाइमवर टाकतात. निम्मं एन्झाइम बंद पाडायला अर्क किती लागला, तो आकडा म्हणजे आयसी-50. जितका कमी, तितका अर्क जोरदार. कागदावर नुसते टक्के असतील आणि अर्काचं प्रमाण नसेल, तर ते टक्के बिनकामाचे. अँटिऑक्सिडंटची डीपीपीएच चाचणीही अशीच: जांभळं द्रावण पिवळं पडलं की गुण मिळाले. ही द्रव्यं पोटातून रक्तात फार थोडी जातात आणि यकृत त्यांचं रूप बदलून टाकतं, ते नळीत दिसत नाही.

शिवाय प्रोपोलिस ही मुळात झाडाची राळ. युरोपातलं बहुतेक पॉप्लरच्या कळ्यांचं, ब्राझीलचं हिरवं प्रोपोलिस बॅकॅरिस नावाच्या झुडपाचं. वरूडच्या शिवारात पॉप्लर कुठून आणायचा? तिकडचे आकडे तुमच्या चिकट्याला लावता येत नाहीत. टाइप 2 मधुमेहाच्या रुग्णांवर छोट्या चाचण्या झाल्यात, काहींत उपाशीपोटीची शुगर थोडी उतरली. पण ते मोजलेला अर्क घेत होते, तोही चालू औषधाच्या जोडीला.

मामाजींना मधाचं मात्र नक्की सांगा. मधात जवळपास 80 टक्के साखर असते, आणि फुलातल्या रसातली साखर माशीच्या इन्व्हर्टेजने आधीच ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फोडलेली असते. म्हणजे प्रोपोलिसने आतड्यातलं एन्झाइम शंभर टक्के अडवलं असं धरलं, तरी मधातलं ग्लुकोज सरळ रक्तात जाणार. त्याला फोडायची गरजच उरलेली नाही. मध घरचा असो की दुकानाचा.

फवारणीची शंका रास्त आहे. बरीच कीटकनाशकं मेणात आणि राळेत मुरतात. वरोआ माइट (माश्यांना लागणारी बारीक कीड) मारायला पेटीत लटकवायच्या फ्लुव्हॅलिनेट या कीटकनाशकाच्या पट्ट्यांचा अंशही त्यात जातो. पेटीला आतून जुना रंग असेल तर शिसंसुद्धा. खरवडलेला गोळा तसाच तोंडात घालणं मला पटत नाही. ओठ-जिभेला खाज किंवा सूज आली तर लगेच थांबवा, प्रोपोलिसची ॲलर्जी नवी नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना न सांगता घेऊच नका.

एक विचारायचं राहिलं, गोळ्या नेमक्या कोणत्या? व्होग्लिबोजसोबत ग्लिमेपिराइड ही शुगर उतरवणारी दुसरी गोळी असेल तर शुगर एकदम उतरू शकते, आणि तेव्हा घरातली साखर उशिरा लागू पडते, कारण ती फोडणारं एन्झाइम गोळीने अडवलेलं असतं. ग्लुकोज पावडर हाताशी ठेवा.

संत्राबाग_वरूड
पाकीट बघितलं, दोन्ही आहेत! ग्लुकोजचा डबा मागवला. इन्व्हर्टेजचं वाचून दाखवल्यावर मामाजी जरा गप्प झाले, मग म्हणाले, 'म्हंजे मध बंद, गोळी चालू.' चिकट्यावरचा हक्क सोडलेला नाही, डबी उशाशीच आहे. पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन संस्थेत प्रोपोलिसमधला कीटकनाशकाचा अंश तपासून देतात का? कोणी नमुना पाठवला असेल तर कसा पाठवायचा आणि खर्च किती येतो, ते सांगा.