आजीच्या नऊवारी स्टेजच्या मागे लावायच्या आहेत, मदत हवी

परळची धाकटी:
नमस्कार. दादाचं लग्न डिसेंबरात इथे मुंबईत आहे आणि दोन दिवसांनी कुडाळजवळच्या आमच्या गावी, घरच्या खळ्यात (अंगणात) रिसेप्शन. डेकोरेटर नको, असं आईचं नि माझं ठरलंय. आजीला जाऊन तीन वर्षं झाली. तिच्या चौदा नऊवारी ट्रंकेत तशाच आहेत. अंजिरी साडीला पदराजवळ तिने स्वतः केलेला रफू आहे. इतका बारीक, की साडी उलटी धरली तरच दिसतो. दादाच्या पाठीशी त्या दिवशी हीच साडी हवी. स्टेज सोळा फुटी. एकही टाचणी न टोचता साड्या कशा लावू? आणि फुलं दादरहून न्यायची का?

लालबागचा मांडववाला:
ताई, आधी सुती आणि रेशमी वेगळ्या करा. जुनं रेशीम घडीवर विरतं, टांगलं की स्वतःच्याच वजनाने फाटतं. रेशमी साड्या टेबलावर अंथरा, टांगायच्या त्या सुतीच. पन्हा साधारण चार फूट धरा, म्हणजे शेजारीशेजारी चार साड्यांत सोळा फूट भरतात. नऊ फुटांवर आडवा बांबू बांधा, तासून घ्या, त्यावर जुनी चादर गुंडाळा, नाहीतर कुसं लागतात. पदर पुढे सोडा. नऊवारी सव्वाआठ मीटरची. उरलेली मागच्या दुसऱ्या बांबूवर गुंडाळून नाडीने बांधा. टाचणी लागतच नाही. हॅलोजन मात्र कापडापासून लांब.

कुडाळची काकू:
बाय, डिसेंबरात संध्याकाळनंतर खळ्यात दव पडतं. साड्या दुपारी लावा, जेवणं आटोपली की लगेच उतरवा आणि दुसऱ्या दिवशी सावलीत वाळवूनच घडी घाला. ओलसर घडी ट्रंकेत गेली तर बुरशीचे डाग पडतील. वर नारळाच्या चुडतांची विणलेली झापं घातलीत तर दवही अडेल. दाराला केळीचे खुंट, आंब्याचे डहाळे. हे सगळं वाडीत मिळतं, मुंबईहून काही आणू नका. झेंडू मात्र आणा. पहाटे दादरच्या फुलबाजारातून घ्यायचा आणि सकाळची मांडवी एक्सप्रेस धरायची. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, काळा पडतो. टोपलीत, वर ओलं फडकं. हार इथे आल्यावर ओवू, मी येते हवं तर.

दादरची सूनबाई:
माझ्या रुखवतात आईने क्रोशाचे रुमाल, सुपाऱ्यांची बाहुली असं बरंच मांडलं होतं, पण बायका थांबत होत्या माझ्या आजीच्या वहीपाशी. लोणच्याचं पान उघडून ठेवलं होतं, हळदीच्या डागासकट. तुमच्या आजींच्या हातचं काही लिहिलेलं आहे का?

परळची धाकटी:
मांडववाले दादा, काकू, ताई, तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काल ट्रंक उपसली. सुती नऊ निघाल्या, पाच रेशमी. अंजिरी सुती आहे! ती मधोमध लावणार, पदर पुढे सोडून, रफू आपोआप दादाच्या खांद्यामागे येईल. आजीला लिहिता येत नव्हतं. पण तळाशी तिची सुईदोऱ्याची डबी सापडली, त्यात अंजिरी दोरा अजून आहे. ती डबी वहिनीसमोरच्या टेबलावर ठेवणार. काकू, हार ओवायला नक्की या, घराचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवते.